सिमकार्ड नोंदणी आणि गोपनीयता

सिमकार्ड देण्यापूर्वी ग्राहकाचे नाव, पत्ता, छायाचित्र आणि ओळखपत्र तपासून त्याची नोंद ठेवण्याला सिमकार्ड नोंदणी म्हणतात. भारतात ती सक्तीची आहे. सिम कागल तालुक्यातील बिद्रीत घ्या किंवा मुंबईत, निनावी नंबर कायदेशीरपणे मिळत नाही.

बिद्री हे साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. अशा गावात दुकानदार ग्राहकाला बहुधा घराण्यासकट ओळखतो. मग नोंदणीने वेगळे काय होते? दुकानदाराची ओळख त्याच्या आठवणीपुरती असते. कंपनीकडची नोंद मात्र कुठूनही, कधीही शोधता येते.

नोंदणी कशासाठी?

धमकी, फसवणूक किंवा दहशतवादी कृत्यात वापरलेला नंबर कोणाचा, हे कळल्याशिवाय तपास पुढे सरकत नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर खोट्या कागदपत्रांवर घेतलेल्या सिमचा प्रश्न ऐरणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१२ च्या निकालानंतर दूरसंचार विभागाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पडताळणीचे नियम कडक केले.

आधारची सक्ती

२३ मार्च २०१७ च्या परिपत्रकाने सर्व मोबाइल ग्राहकांची आधारद्वारे फेरपडताळणी करण्यास कंपन्यांना सांगितले. ‘नंबर आधारशी जोडा’ असे संदेश येऊ लागले आणि दुकानांत अंगठे टेकवले जाऊ लागले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले. मूठभर लोक सिमचा गैरवापर करतात म्हणून सगळ्या जनतेच्या खासगी आयुष्यात शिरता येणार नाही, असा त्यामागचा विचार होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिमसाठी आधार देणे ऐच्छिक आहे. इतर मान्य ओळखपत्रेही चालतात. ओळख देणे मात्र टळलेले नाही.

नावामागे काय जोडले जाते?

कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरच्या हद्दीतून फोन केला, याचा तपशील कंपनीकडे असतो. तो किमान दोन वर्षे जपून ठेवावा लागतो. त्यात बोलणे नसते. पण रुग्णालय, वकील किंवा पत्रकाराला केलेले फोन बरेच काही सांगून जातात. नंबर नावाशी जोडलेला असल्याने हा माग थेट माणसापर्यंत पोहोचतो.

पोलीस तपासासाठी हा तपशील ठरलेल्या पद्धतीने मागवू शकतात. धोका आडवाटेचा आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. म्हणजे नोंद करण्याइतकेच ती कोणाच्या हाती पडते, हेही महत्त्वाचे ठरते.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कंपन्यांवर माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. पण सरकारला आपल्या काही यंत्रणांना त्यातून सूट देता येते. टीकाकारांचा मुख्य आक्षेप याच सवलतीवर आहे. मेक्सिकोत तर ग्राहकांची जैविक ओळख गोळा करणारी मोबाइल नोंदवही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

ग्राहकाने काय पाहावे?

- ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसते. अनोळखी नंबरची तक्रार तिथेच करता येते.
- एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या घेता येतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात सहा.
- घरच्या माणसासाठी किंवा कामगारासाठी आपल्या नावावर सिम घेतले, तर गैरवापर झाल्यावर पहिली विचारणा आपल्याकडेच होते.
- कुठेही ओळखपत्राची झेरॉक्स द्यावी लागली, तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहून सही करावी.
- फसवणुकीने किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम घेतल्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.