ग्रंथतालिकेतील संदर्भशोध (हिंगोली जिल्हा)

ग्रंथतालिका : ग्रंथालयातील पुस्तके, प्रबंध व नियतकालिके यांच्या नोंदींची शोधता येईल अशी मांडणी. पूर्वी ती कार्डांच्या खणांत असे. आता 'सोल', 'कोहा' अशा संगणकप्रणालींत असते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे तालिकेत 'हिंगोली' टाकून हाती काही लागले नाही, तर त्यावर लेखनच झाले नाही असे मानू नये. त्याआधीचे बरेच साहित्य 'परभणी' या विषयशीर्षकाखाली असते. परभणी जिल्ह्याचे १९६७चे गॅझेटिअर हे त्याचे ठळक उदाहरण. १९४८ पूर्वी हा भाग हैदराबाद संस्थानात होता, म्हणून त्या काळासाठी 'हैदराबाद संस्थान', 'निजाम' हे शब्द घ्यावेत. प्रबंधांनाही हाच नियम लागू आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्याआधीचे प्रबंध औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात (आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) शोधावेत. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर दोन्हीकडचे बरेच प्रबंध आहेत, पण जुने सगळेच तिथे असतील असे गृहीत धरू नये.

गावांची नावेही अनेक रूपांत येतात : वसमत–बसमत, औंढा–आवंढा, कळमनुरी–कलमनुरी. प्रत्येक रूप स्वतंत्रपणे टाकून पाहावे.

संत नामदेवांचा अभ्यास करताना हा प्रश्न अधिकच जाणवतो. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने त्यांचे जन्मगाव मानले जाते, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे असल्याने हिंदी-पंजाबी साहित्यही पाहावे लागते. तिथे ते 'भगत नामदेव' म्हणून सापडतात. रोमन लिपीत 'नामदेव', 'नामदेओ' आणि 'नामादेवा' अशी रूपे आढळतात. पहिल्या दोहोंसाठी शब्दाच्या समान भागापुढे तारांकन (*) टाकले तरी पुरते. तिसरे वेगळे टाइप करावे. ख्रिश्चन नोव्हेत्स्के यांचा नामदेवांवरील ग्रंथ अमेरिकेत (२००८) आणि भारतात निरनिराळ्या शीर्षकांनी निघाला. अशा वेळी लेखकाच्या नावाने शोधणे अधिक खात्रीचे ठरते.

एक उपयुक्त पुस्तक सापडले की त्याच्या नोंदीतील विषयशीर्षके व वर्गांक टिपून घ्यावेत. नवे शब्द सुचवायला याहून चांगला मार्गदर्शक नाही. ड्यूई वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येते, त्यामुळे त्या क्रमांकाच्या कपाटासमोर उभे राहिले तर तालिकेत न सुचलेली पुस्तकेही दिसतात. १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आधी चाळावी आणि मिळालेली शीर्षके तालिकेत तपासावीत.