मेमरी-मर्यादा, सामायिक क्लस्टरवरील

मेमरी-मर्यादा, सामायिक क्लस्टरवरील : अनेक वापरकर्त्यांत वाटून वापरल्या जाणाऱ्या संगणक-समूहावर एका जॉबला (वापरकर्त्याने चालवायला दिलेल्या कामाला) जास्तीत जास्त किती रॅम घेता येईल हे ठरवणारी सीमा, तसेच ती आधी मागून घेणे, जॉब चालू असताना राखणे आणि ओलांडली गेल्यास जॉब थांबवणे ही सगळी व्यवस्था. महाराष्ट्रात अशी मोठी यंत्रे मुख्यतः पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांत आहेत. धारूरला (जि. बीड) असा क्लस्टर नाही. मात्र बालाघाटाच्या माथ्यावरच्या या पर्जन्यछायेतल्या तालुक्याच्या पावसाचे गणित पुण्याच्या यंत्रांवरच मांडले जाते, आणि मेमरीचा हिशेब कसा फुगतो हे दाखवायला ते उदाहरण सोयीचे आहे. म्हणून पुढे तेच घेतले आहे.

क्लस्टर म्हणजे जलद जाळ्याने जोडलेल्या स्वतंत्र संगणकांचा संच. त्यातल्या एकेका संगणकाला नोड म्हणतात. पुण्याच्या आयसरमध्ये 2019 साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’च्या साध्या नोडवर 48 कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्र गणन-एकके) आणि 192 जीबी रॅम आहे, म्हणजे कोअरमागे 4 जीबी. हा भागाकार क्लस्टरवर काम करणाऱ्याला तोंडपाठ असावा. वाटायला मात्र पूर्ण 192 जीबी कधीच मिळत नाहीत. कार्यप्रणाली आणि सामायिक फाइल-व्यवस्था यांच्यासाठी काही भाग राखून ठेवावा लागतो. त्यामुळे नोडवर आहे म्हणून सगळीच्या सगळी रॅम आकड्यात मागणारा जॉब अनेक ठिकाणी दारातूनच परत येतो. आकडा थोडा खाली आणला की निमूट उचलला जातो. नवख्यांचा पहिला आठवडा बहुधा यातच जातो. ज्यांचे काम इतक्या मेमरीत बसतच नाही त्यांच्यासाठी 768 जीबीचे थोडे नोड वेगळे असतात आणि त्यांची रांग साहजिकच लांब असते.

एका नोडवर चौघांचे जॉब चालू असताना एकाने ठरल्यापेक्षा जास्त प्रोसेस सुरू केल्या तर सगळ्यांची गती मंदावते, पण कुणाचे काम बुडत नाही. प्रोसेसरला पाळी लावता येते, मेमरीला नाही. डिस्कवर स्वॅपची जागा क्लस्टरच्या नोडवर बहुधा नसते, आणि असली तरी तिथे गेलेला जॉब इतका रेंगाळतो की तो मेल्यातच जमा. रॅम संपली की लिनक्स कर्नलचा ‘ओओएम किलर’ पुढे येतो आणि साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो. ती दोषीच असेल असे नाही. समजा एकीने 100 जीबी रीतसर मागून घेतले आहेत आणि तेवढेच वापरते आहे. शेजारच्याने 16 मागून 90 बळकावले आहेत. कर्नलच्या नजरेत मोठी ती पहिली. मर्यादा आहे ती अशा रीतसर वागणारीसाठी.

सुरुवातीच्या यंत्रांवर हा प्रश्न नव्हता. सी-डॅकची (प्रगत संगणन विकास केंद्र) स्थापना 1988 मध्ये पुण्यात झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर जातीचे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाला स्वतःची स्वतंत्र मेमरी होती. एकाने दुसऱ्याची मेमरी खाण्याला वाटच नव्हती. गणिताचे तुकडे त्या मेमरीत बसतील एवढे लहान करणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी. पुढे एका चिपवर अनेक कोअर आले. टाटांच्या पुण्यातील प्रयोगशाळेचा ‘एका’ (नोव्हेंबर 2007 च्या जागतिक यादीत चौथा), 2013 चा ‘परम युवा-2’, 2015 मध्ये 4,500 कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतील ‘परम’ यंत्रे, असे करत आपण चाळीस-पन्नास कोअरांनी एकाच रॅममध्ये हात घालण्यापर्यंत आलो. मोहिमेतल्या यंत्रांवर दुसऱ्या शहरांतले संशोधकही दुरून लॉगिन करतात. शेजारी कोण आहे हे त्यांना माहीत नसते, त्यामुळे समजुतीने भागत नाही.

मर्यादा राखण्याचे काम दोन थरांत चालते. वरचा थर शेड्यूलरचा, म्हणजे जॉबांना रांगेत लावून नोड वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमचा. ‘परम ब्रह्म’वर तो स्लर्म आहे, अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो घडला. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘प्रत्युष’वर पीबीएस वापरला गेला, ज्याची मुळे नासाच्या एम्स केंद्रात आहेत. स्लर्मच्या जॉब-स्क्रिप्टमध्ये ‘मेम’ लिहिले की मागणी नोडमागे धरली जाते आणि ‘मेम-पर-सीपीयू’ लिहिले की कोअरमागे. या दोहोंची गल्लत ही सर्वांत महागडी चूक: नोडमागे 4 जीबी पुरतील असा जॉब कोअरमागे 4 मागून अनेक कोअरवर लावला की नोडची मेमरी विनाकारण अडकते. काहीच न लिहिल्यास प्रशासकाने ठरवलेला मूळ आकडा लागू होतो. तो बहुधा कोअरमागच्या वाट्याएवढा असतो, आणि तसाच असावा. काही ठिकाणी मूळ आकडाच दिलेला नसतो. मग न सांगणाऱ्याच्या पदरात अख्ख्या नोडची मेमरी पडते आणि मोजून मागणारा रांगेत उभा राहतो. अशी रचना आळसाला बक्षीस देते.

शेड्यूलरचा हिशेब कागदावरचा असतो. तो खरा करून दाखवणारा खालचा थर कर्नलचा. पूर्वी ‘यूलिमिट’ने आभासी मेमरीवर बंधन घालत. जावासारखे प्रोग्रॅम वापरायच्या आधीच भलामोठा पत्ता-विस्तार राखून ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात 2 जीबी वापरणारा जॉब 20 च्या बंधनातही उठत नसे. दुसरा मार्ग असा की दर काही सेकंदांनी मोजणी करायची आणि जास्त दिसले तर मारायचे; स्लर्मच्या मोजणीचे मूळ अंतर 30 सेकंद आहे आणि नोड बसवायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. खरा तोडगा ‘सी-ग्रुप’ने दिला. गूगलच्या अभियंत्यांनी 2006 मध्ये सुरू केलेले हे काम जानेवारी 2008 मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आले आणि मेमरीचा नियंत्रक त्याच वर्षी पाठोपाठ आला. यात जॉबच्या सगळ्या प्रोसेस एका कुंपणात बसतात. कुंपणातली मेमरी संपली की ओओएम किलर त्या कुंपणातच बळी शोधतो, शेजारच्याला धक्का लागत नाही.

आता धारूर. समजा हवामानाचे प्रादेशिक मॉडेल चालवायचे आहे आणि धारूर मध्यभागी धरून 900 किलोमीटर लांब-रुंद चौकोन घेतला. तीन किलोमीटरची जाळी टाकली तर 300 गुणिले 300 म्हणजे 90,000 उभे स्तंभ होतात. उंचीचे 50 थर धरले तर 45 लाख बिंदू. एका राशीला, उदाहरणार्थ तापमानाला, प्रत्येक बिंदूवर 4 बाइट, म्हणजे 18 एमबी. मॉडेल अशा दोनेकशे राशी सांभाळते असे मानले तर 3.6 जीबी, साध्या लॅपटॉपमध्येही मावेल. पण तीन किलोमीटरच्या जाळीत धारूरचा घाट नीट उतरत नाही, चढ-उतार सपाट होऊन जातात. म्हणून जाळी एक किलोमीटरची केली की आडव्या बिंदूंची संख्या नऊपट होते आणि मेमरी 32.4 जीबीवर जाते. हे ओझे 36 प्रोसेसमध्ये वाटले तर प्रत्येकीकडे 150 गुणिले 150 चा तुकडा येतो. मात्र शेजारच्या तुकड्यांचे कडेचे बिंदूही जवळ ठेवावे लागतात. चारी बाजूंनी पाच-पाच धरले तर तुकडा 160 गुणिले 160 होतो, म्हणजे 14 टक्के जास्त. 144 प्रोसेस केल्या तर तीच भर 28 टक्क्यांवर जाते. जॉब जास्त कोअरवर पसरला की एकूण मेमरी वाढते, ही गोष्ट अनेकांना पटायला वेळ लागतो. तरीही 36 कोअरला 4 जीबीप्रमाणे 144 जीबी मिळतात आणि मॉडेलला लागतात सुमारे 37. मॉडेल खुशाल चालते.

जॉब उडतो तो नंतर, आलेख काढताना. तासातासाच्या नोंदी धरून 48 तासांचे तापमान पायथनमध्ये एकदम उघडले की 162 एमबी गुणिले 48 म्हणजे 7.8 जीबी झाले. वाटेत आकडे दुहेरी अचूकतेचे झाले, जे न सांगताही होते, तर 15.6. सरासरी वजा करायला गेले की मूळ आणि वजाबाकी दोन्ही एकाच वेळी मेमरीत, म्हणजे 31 जीबीच्या वर. आणि हा जॉब ‘नुसता आलेख तर काढायचाय’ म्हणून एका कोअरवर, मूळ 4 जीबीच्या मर्यादेत लावलेला असतो. महासंगणकावर मॉडेल पार पडले आणि चित्र काढताना मेले, हा प्रकार कुठल्याही क्लस्टरच्या मदतकक्षाला नवा नाही. उपाय 32 जीबी मागणे हा नव्हेच. धारूरभोवतीचा 60 गुणिले 60 किलोमीटरचा तुकडा फाइलमधून तेवढाच वाचला तर 48 तासांचे मिळून 35 एमबी होतात. अख्खा चौकोन हवाच असेल तर एकेक तास वाचावा, बेरीज ठेवावी, आधीचा सोडून द्यावा.

मारला गेलेला जॉब ओळखता आला पाहिजे. स्लर्मच्या नोंदीत ‘आउट ऑफ मेमरी’ अशी स्थिती दिसते. स्क्रिप्टला बहुधा 137 हा निर्गम-अंक मिळतो, म्हणजे 128 अधिक ‘किल’ संकेताचे 9. मात्र 137 दिसला की मेमरीच संपली असे नाही. कुणी हाताने मारला तरी तोच आकडा येतो. किती वापरली हे ‘एसअ‍ॅक्ट’ या आज्ञेच्या ‘मॅक्स-आरएसएस’ रकान्यात सापडते, पण तो आकडा ठराविक अंतराने घेतलेल्या मोजण्यांतला सर्वांत मोठा. दोन मोजण्यांच्या मधे उसळी घेऊन जॉब मेला असेल तर रकान्यात 2 जीबी आणि मर्यादा 4 असे चित्र दिसते, आणि वापरकर्ता प्रशासकाशी भांडायला जातो. आणखी एक फसवी जागा ‘डेव्ह-एसएचएम’ची. ती फोल्डरसारखी दिसते, पण तिथे ठेवलेल्या फाइली रॅममध्येच राहतात आणि जॉबच्या खात्यावर चढतात. वाचलेल्या फाइलींची कर्नलने ठेवलेली प्रतही कुंपणाच्या हिशेबात येते; ती मात्र गरज पडली की आपोआप सोडली जाते, तिची धास्ती नको.

जास्त मागणे हा कमी मागण्याइतकाच दोष आहे, फक्त त्याची शिक्षा दुसऱ्याला होते. एका कोअरसाठी 180 जीबी मागणारा जॉब उरलेले 47 कोअर रिकामे बसवतो, आणि नोंदीत तो एका कोअरचा गरीब जॉब दिसतो. म्हणून काही क्लस्टर मेमरीचेही शुल्क धरतात: वाट्यापेक्षा जास्त मागितली तर तेवढे कोअर वापरल्याचे लिहिले जाते. स्लर्ममध्ये कोअरमागची कमाल मर्यादा ठरवून ठेवली आणि कुणी तिच्यावर मागितले, तर कोअरांची संख्या तोच वाढवून देतो. मागणी मोजून असली तर मोठ्या जॉबच्या आधीच्या फटीत छोटा जॉब बसवणेही शेड्यूलरला सोपे जाते, म्हणजे मोजणाऱ्याचा स्वतःचाही नंबर लवकर लागतो. रीत सोपी आहे: छोट्या नमुन्यावर एकदा चालवावे, वापर पाहावा, त्यावर वीसेक टक्के धरून मागावे, आणि मॉडेलला मधूनमधून पुनरारंभाची फाइल लिहायला सांगावे, म्हणजे मारला गेला तरी सगळे पाण्यात जात नाही.

रोजचा अंदाज देणाऱ्या यंत्रांवर चित्र वेगळे असते. जानेवारी 2018 मध्ये सुरू झालेला ‘प्रत्युष’ 4 पेटाफ्लॉप्सचा क्रे बनावटीचा संगणक; त्याच्या जागी सप्टेंबर 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ आला. अंदाजाची वेळ चुकवून चालत नाही, त्यामुळे अशा कामाला नोड अख्खे देतात आणि शेजाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. मेमरी कमी पडली तर नोडवर प्रोसेस कमी ठेवतात, म्हणजे काही कोअर मुद्दाम रिकामे. 26 मे 2025 रोजी जाहीर झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ची जाळी 6 किलोमीटरची आहे, आधीची 12 ची होती. त्याच क्षेत्रात बिंदू चौपट होतात, आणि धारूरसारख्या तालुक्यावर जाळीच्या दोन-चार खुणांऐवजी डझनाहून जास्त पडतात.

ग्राफिक कार्डांच्या मेमरीला सी-ग्रुपचे हे कुंपण लागू होत नाही. कुणाला कोणते कार्ड दिसावे एवढेच ते सहसा ठरवते. 2020 मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये बसलेल्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये एनव्हिडियाची ए-100 कार्डे आहेत. या जातीचे एक कार्ड जास्तीत जास्त सात भागांत कापता येते आणि प्रत्येक भागाला मेमरीचा स्वतःचा वाटा मिळतो. कार्ड न कापता दोघांना दिले तर कधीकधी पहिल्याचा प्रोग्रॅम जवळजवळ सगळी मेमरी आधीच राखून ठेवतो आणि दुसऱ्याचा जॉब सुरू होताच कोसळतो.

लॉगिन नोडचे नियम याहून कडक असतात. तो फाइली हलवण्यासाठी, स्क्रिप्ट लिहिण्यासाठी आणि जॉब लावण्यासाठी असतो. तिथे अनेक जण एकाच वेळी बसलेले असतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी वापरकर्त्यामागे काही जीबींची सीमा घालतात आणि ती ओलांडणारी प्रोसेस विचारपूस न करता मारली जाते. ‘दोनच मिनिटांचे काम आहे’ म्हणून तिथेच मोठी फाइल उघडणारे तरीही प्रत्येक तुकडीत निघतात. अशांसाठी तासा-दोन तासांचा संवादी जॉब मागण्याची सोय असते. त्यात मेमरीचा आकडा लिहून द्यावा लागतो, एवढाच फरक.