कळफलकावरचे जीवाश्म

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तिचा वर्षाला ५०० रुपयांचा, विद्यार्थ्यांसाठीचा एक प्रकार होता. त्यात चित्रे दिसत नसत, पडद्यावर फक्त अक्षरे येत. उल्हासनगरला माझ्या एका मित्राकडे असे खाते होते. अंबरनाथ-बदलापूरची आम्ही मुले संध्याकाळी त्याच्याकडे जमत असू. मोडेमची किरकिर थांबली की पत्रव्यवहाराचा ‘पाइन’ हा प्रोग्रॅम उघडायचा. माऊसचा तिथे उपयोग नव्हता. पडद्याच्या तळाशी यादी असे : ^एक्स म्हणजे पत्र पाठवा, ^के म्हणजे ओळ काढा. ^ या टोपीसारख्या खुणेचा अर्थ ‘कंट्रोलची कळ दाबून धरा’. फोनचे बिल चढत असे, म्हणून आम्ही या जोड्या पाढ्यांसारख्या पाठ केल्या. त्या अशाच का, हे कोणी विचारले नाही.

पुढे ते मला महागात पडले. संशोधनाच्या काळात एका युनिक्स संगणकावर माझे गणित रात्रभर चालले होते आणि उत्तरे पडद्यावर सरकत होती. सकाळी मी ‘सेव्ह’ करण्याच्या सवयीने कंट्रोल-एस दाबले. आकडे जागच्या जागी थांबले. इतर कळा दाबून पाहिल्या, पण पडदा ढिम्म! संगणक अडकला असे समजून मी टर्मिनलच बंद केले आणि रात्रभराचे काम वाया गेले. खरे तर काहीच बिघडले नव्हते. कंट्रोल-क्यू दाबले असते, तर आकडे पुन्हा सरकू लागले असते.

एस दाबल्यावर थांबायचे आणि क्यू दाबल्यावर चालायचे, हे कोणी ठरवले?

याचे उत्तर १९६३ सालापर्यंत मागे जाते. त्या वर्षी अमेरिकेत ‘ॲस्की’ ही संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक अक्षराला एक अंक आहे. ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६. परंतु ० ते ३१ हे अंक अक्षरांसाठी नाहीत. घंटा वाजव, ओळ बदल, अशा यंत्राला द्यायच्या आज्ञांसाठी ते राखून ठेवले आहेत. त्याच सुमारास आलेल्या ‘टेलिटाइप ३३’ या दूरमुद्रकावर कंट्रोलची कळ दाबली, की अक्षराच्या अंकातून ६४ वजा होत. एस म्हणजे ८३. त्यातून ६४ गेले, उरले १९. क्यूचे ८१, म्हणून उरले १७. हा दूरमुद्रक सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी आणि छिद्रे पाडलेली कागदी पट्टीही वाचत असे. पट्टीवरील मजकूर फार वेगाने येऊ लागला, की समोरचे यंत्र १९ हा अंक पाठवून पट्टी थांबवी आणि १७ पाठवून पुन्हा सुरू करी. पट्टी गेली, दूरमुद्रक गेले, पण आज्ञा राहिल्या. मी त्या सकाळी नकळत एका अस्तित्वात नसलेल्या पट्टीला थांबवले होते!

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. सुरुवातीची वर्षे तेही अशाच दूरमुद्रकांवर काम करीत. इतक्या संथ यंत्रावर कमी टंकलेखन हीच सोय; युनिक्सच्या एल-एस, सी-पी अशा दोन अक्षरी आज्ञा त्याच वळणाच्या आहेत. पुढे पडदे आले आणि या थरावर दुसरा थर चढला. ओळीच्या आरंभी नेणारे कंट्रोल-ए आणि शेवटी नेणारे कंट्रोल-ई १९७६ च्या ‘ईमॅक्स’ या संपादकाकडून आले. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या ‘बॅश’मध्ये हे दोन्ही थर एकत्र नांदतात.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर एक प्रयोग करण्याजोगा आहे. एच, आय आणि एम या अक्षरांचे वर्णमालेतील क्रमांक ८, ९ आणि १३. ६४ वजा केल्यावर उरणारे अंकही तेच. ॲस्कीत हे अंक अनुक्रमे मागे सरकणे, टॅब आणि ओळीच्या आरंभी परतणे यांचे आहेत. आज्ञेच्या ओळीवर काहीतरी लिहून कंट्रोल-एच दाबा, अक्षर पुसले जाईल. कंट्रोल-एम दाबा, एंटरचे काम होईल. मात्र कळ दाबण्यापूर्वी काय घडेल ते मुलांना आकडेमोडीने सांगू द्यावे.

शेवटी कंट्रोल-एस दाबून पडदा थांबवावा आणि क्यूचे नाव सांगण्याची घाई करू नये.