पेट्रोलपंपावरील इंधनबाष्प आणि कामगारांचे आरोग्य

पेट्रोलपंपावर पाळीभर येणारा वास म्हणजे हवेत मिसळलेले पेट्रोलच होय. वाहनाच्या टाकीत इंधन शिरू लागले की आत साचलेली बाष्पयुक्त हवा बाहेर ढकलली जाते. दुचाकीच्या उघड्या टाकीवर वाकून नोझल धरणाऱ्या कामगाराच्या ती थेट चेहऱ्यावर येते. टँकर रिकामा करताना आणि भूमिगत टाकीतील साठा मोजपट्टीने तपासताना हा संपर्क आणखी वाढतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनही अधिक असते.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, डोळ्यांची जळजळ ही लक्षणे मोकळ्या हवेत ओसरतात, म्हणूनच ती कोणी फारशी मनावर घेत नाही. खरा धोका आहे तो बेन्झिनचा. शरीरात त्याचे विघटन होऊन तयार होणारी द्रव्ये अस्थिमज्जेला इजा करतात. रक्तपेशींची निर्मिती घटते आणि दीर्घ संपर्कानंतर तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो. बेन्झिन कर्करोगकारक असल्याचे फार पूर्वीच मान्य झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2025 मध्ये वाहनांच्या पेट्रोललाही पहिल्या गटातील कर्करोगकारकांत स्थान दिले.

1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकानुसार पेट्रोलमधील बेन्झिन 1 टक्क्याच्या मर्यादेत हवे. मात्र वर्षानुवर्षे रोज शेकडो टाक्या भरणाऱ्याला या मर्यादेचा दिलासा अपुराच ठरतो.

बाहेर पडणारी बाष्पे शोषून भूमिगत टाकीत परत नेणारी बाष्प पुनर्प्राप्ती यंत्रणा हा यावरील प्रभावी उपाय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या विक्रीच्या पंपांसाठी तिचा आग्रह धरला. नवा पंप शाळा, रुग्णालय व निवासी वस्तीपासून साधारणतः 50 मीटर आणि कोणत्याही परिस्थितीत किमान 30 मीटर दूर असावा, असेही त्यांत नमूद आहे. मात्र नोझल टाकीच्या तोंडावर नीट बसले तरच ही यंत्रणा उपयोगी पडते. स्वयंचलित खटका पडल्यानंतरही ‘राउंड फिगर’साठी चार थेंब जास्त ओतण्याची ग्राहकांची हौस येथे आड येते. सांडलेले पेट्रोल फडक्याने पुसण्याची सवयही तशीच घातक, कारण बेन्झिन त्वचेतूनही शरीरात शिरते.

भारताप्रमाणेच पंपावर कामगारच इंधन भरतात त्या ब्राझीलने 2016 च्या नियमांद्वारे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आणि दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी बंधनकारक केली. रक्तपेशींची मोजणी ही साधी, स्वस्त तपासणी. पण एका अहवालापेक्षा कालांतराने होणारी घट अधिक बोलकी असते. भारतीय कायदा बेन्झिनजन्य विकारांना व्यावसायिक आजार मानतो. तथापि, वारंवार पंप बदलणाऱ्या कामगाराजवळ जुन्या तपासण्यांची नोंद नसेल, तर आजाराचा कामाशी असलेला संबंध सिद्ध करणे कठीण होते.