पर्यटन व्यवसायातील मध्यस्थ : थॉमस कुक कंपनीच्या कार्यपद्धतीचा ऐतिहासिक अभ्यास (१८४१ ते २०१९)

प्रस्तावना :
पर्यटनाचा इतिहास बहुधा प्रवासी व प्रेक्षणीय स्थळे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. तिकीट, निवास व भोजन यांची सांगड घालणारा मध्यस्थ मात्र पडद्याआड राहतो. संघटित पर्यटनाचा पाया घालणाऱ्या थॉमस कुक कंपनीच्या आधारे या मध्यस्थाचा आर्थिक व्यवहार तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घाऊक प्रवास व सवलत :
मद्यनिषेध चळवळीचे कार्यकर्ते थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टर ते लाफबरो ही रेल्वे सहल आयोजित केली. सुमारे ५०० प्रवाशांकडून प्रत्येकी एक शिलिंग घेण्यात आला. हेतू सामाजिक असला तरी त्यामागील सूत्र व्यापारी होते. रेल्वेला एकगठ्ठा प्रवासी मिळाले व प्रवाशांना स्वस्त तिकीट मिळाले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनास कुक यांनी दीड लाखांहून अधिक लोक नेले. तथापि ही सवलत रेल्वे कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून होती. १८६२ मध्ये स्कॉटलंडमधील कंपन्यांनी ती काढून घेताच कुक यांना अन्य प्रदेश शोधावा लागला. १८६३ मध्ये ते स्वित्झर्लंडकडे वळले. ज्याच्या मालकीची ना गाडी ना खोली, अशा मध्यस्थाची दुर्बलता येथे स्पष्ट होते.

कूपन व आगाऊ रक्कम :
या दुर्बलतेवर कुक यांनी शोधलेला उपाय म्हणजे १८६८ मध्ये सुरू केलेली हॉटेल कूपन पद्धती होय. प्रवासी निघण्यापूर्वीच कूपने विकत घेई व हॉटेलात रोख रकमेऐवजी ती देई. हॉटेलचालक नंतर त्यांचे पैसे कंपनीकडून वसूल करी. १८७४ मध्ये आलेल्या सर्क्युलर नोटा, म्हणजे प्रवासी धनादेशाचे पूर्वरूप, याच तत्त्वावर चालत. ग्राहकाने दिलेली रक्कम प्रत्यक्ष खर्च होईपर्यंत कंपनीच्या हाती राही. अशा रीतीने कंपनी प्रवासाबरोबरच पैशाचाही व्यवहार करू लागली.

मुंबई व हज यात्रा :
कंपनीचे मुंबई कार्यालय १८८१ मध्ये उघडले. हज यात्रेकरूंची हलाखी हा त्या काळी ब्रिटिश शासनापुढील गंभीर प्रश्न होता. त्यामुळे १८८६ मध्ये शासनाने मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम कंपनीकडे सोपविले. १८९३ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली. मध्यमवर्गीय सहलींसाठी घडलेल्या यंत्रणेचा शासनाने यात्रेच्या नियमनासाठी केलेला हा उपयोग उल्लेखनीय आहे.

२०१९ चे पतन :
मूळ ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. २००७ मधील मायट्रॅव्हल कंपनीशी झालेले विलीनीकरण व वाढते कर्ज ही त्याची प्रमुख कारणे होत. त्या वेळी सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटक परदेशांत होते. पर्यटकांकडून रक्कम आगाऊ व हॉटेलांना देणे उशिरा, ही जुनी रीत कायम होती. त्यामुळे उन्हाळी हंगामाची देणी थकलेली होती. ट्युनिशियातील हम्मामेत येथील एका हॉटेलने तर थकबाकीच्या भीतीने पर्यटकांना बाहेर पडू दिले नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात उभारलेल्या संरक्षण योजनेमुळे पर्यटकांना मायदेशी आणता आले. हॉटेलचालकांना मात्र तसे कवच नव्हते. भारतातील थॉमस कुक २०१२ पासून कॅनडातील फेअरफॅक्स समूहाकडे असल्याने या पतनापासून अलिप्त राहिली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, संघटित पर्यटनाचे खरे भांडवल ग्राहकाची आगाऊ रक्कम व पुरवठादाराची उधारी हे आहे. कूपनाने मध्यस्थाला बळ दिले. परंतु जोखीम नाहीशी झाली नाही, ती हॉटेलचालकाकडे सरकली. आधी पैसे देणाऱ्या पर्यटकाला कायद्याने संरक्षण दिले. आधी सेवा देणारा हॉटेलचालक, त्याचा आचारी व सफाई कामगार मात्र त्या संरक्षणाबाहेर राहिले. पर्यटनाच्या इतिहासलेखनात या घटकाची दखल घेणे आवश्यक आहे.