नऊ चौरस मीटरची कुळकथा

कृषी प्रदर्शनाची बांधणी सुरू होते तेव्हा मैदानावर शेतीचे काहीच दिसत नाही. ट्रकमधून उतरतात ते अ‍ॅल्युमिनियमचे खांब, पांढऱ्या पाट्या, गालिच्याच्या गुंडाळ्या आणि वायरींची भेंडोळी. खांब आठ कोनी, प्रत्येक अंगाला एक खाच. आडव्या पट्टीच्या टोकाला लोखंडी जीभ असते. ती खाचेत घालायची, एलन-की थोडी फिरवायची, की पट्टी जागेवर घट्ट. खिळा ठोकावा लागत नाही, सुतळीही लागत नाही. मीटरभर रुंदीच्या तीन पाट्या मागे, तीन-तीन दोन्ही अंगांना, समोर वर कंपनीच्या नावाची पट्टी. तीन मीटर बाय तीन मीटर. म्हणजे नऊ चौरस मीटर.

या बांधणीला मंडपवाले 'ऑक्टोनॉर्म' म्हणतात, मग ती कुणीही बनवलेली असो. पद्धत जर्मनीतली, १९६० च्या दशकाच्या अखेरची. डोक्यावरचा मोठा मांडवही 'जर्मन हँगर'. त्याला मधे एकही खांब लागत नाही, म्हणून बांबू, वासे, काथ्या आणि कनाती यांचे जुने मांडव मोठ्या प्रदर्शनांतून हटले. जुन्या मांडवात कापूनसवरून जागा करता येई, गाठ मारणाऱ्याच्या हाताला किंमत होती. नव्या सांगाड्यात सगळे माप आधीच ठरलेले. आणि माप ठरल्यामुळेच जागा चौरस मीटरवर विकता येऊ लागली. प्रदर्शनसेवेचा आजचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. आयोजक मैदान घेतो, त्याचे चौकोन पाडतो, महिनोन्‌महिने आधी नकाशा कंपन्यांपुढे ठेवतो. दोन बाजू उघड्या असलेल्या कोपऱ्याच्या स्टॉलला जास्त दर, प्रवेशद्वारासमोरच्याला त्याहून जास्त. वीज किलोवॅटवर, खुर्च्या-टेबले वेगळी.

हा झाला सांगाडा. माल मांडायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचे आणि पटवायचे, हे जे त्या चौकोनात चालते त्याचे कूळ मात्र फार जुने आहे, आणि त्याची एक शाखा आमच्याकडे सापडते.

वरवंड, पाटस, केडगाव, यवत हा आमचा पट्टा आज दौंड तालुक्यात आहे. जुन्या कागदांत या तालुक्याचे नाव भीमथडी. भीमेच्या थडीची तट्टे मराठ्यांच्या फौजांत नावाजलेली होती. जनावर बघून, चालवून, दात मोजून घ्यायचे हा इथला रिवाज. शेजारच्या जेजुरीला पौष पौर्णिमेच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथे अजूनही जनावराचा जबडा उघडून दुवान, चौवान, अखंड असे दातांवरून वय ठरते, मग भाव निघतो. विकणाऱ्याने कितीही सांगितले तरी घेणारा आधी जनावराच्या तोंडात बघतो. जत्रेच्या बाजाराचे सगळे शास्त्र एवढ्यात आले.

युरोपातही आरंभ असाच झाला. लाइपझिगच्या जत्रेत बाराव्या शतकापासून व्यापारी गाड्या भरभरून माल आणत आणि विकून रिकाम्या गाड्या घेऊन परतत. पुढे आगगाडी आली, कारखाने आले, एक नग दुसऱ्यासारखा निघू लागला. मग सगळा माल वाहून आणायचा कशाला? १८९५ मध्ये लाइपझिगने नमुन्यांची जत्रा भरवली. नमुना दाखवायचा, मागणी नोंदवायची, माल मागाहून पाठवायचा. आजच्या व्यापारी प्रदर्शनाचा थेट पूर्वज तो. बशी, कापड, कुलूप यांना ही रीत चपखल बसली, कारण तिथे नमुना आणि माल यांत फरक नसतो.

शेतीचे तसे नाही. औत चांगले की वाईट हे जमीन ठरवते. भीमेकाठच्या काळ्या रानात चालेल ते शिरूरकडच्या मुरमाड माळावर चालेलच असे नाही. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात काच-लोखंडाच्या महालात जे जंगी प्रदर्शन भरले, त्यातच हे उघड झाले. सुमारे साठ लाख लोकांनी ते पाहिले. अमेरिकेच्या मॅककॉर्मिकचे कापणीयंत्र तिथे ठेवले होते आणि लंडनच्या वर्तमानपत्राने त्याची यथेच्छ टिंगल केली होती. जुलैत ते यंत्र एसेक्समधल्या टिपट्री इथे मेची नावाच्या शेतकऱ्याच्या रानात नेले. पाऊस पडत होता, गहू हिरवा आणि ओला होता. प्रतिस्पर्धी हसीचे यंत्र तुंबले. मॅककॉर्मिकचे चालले, आणि त्याला प्रदर्शनाचे सर्वोच्च पदक मिळाले. काचेच्या महालात ज्याला हसले, त्याला ओल्या गव्हात मान मिळाला. मला ही घटना सगळ्या प्रदर्शन-इतिहासात महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे हेच मर्म एका माणसाने फार लवकर ओळखले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडीत होते. तिथून तो वणवा इंदापूर, पुरंदर, शिरूरपर्यंत गेला. त्यानंतर आठ वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. आपण त्यातला संताप आठवतो, पण शेवटी त्यांनी सरकारला ज्या सूचना केल्या, त्यांत प्रदर्शनेही आहेत. दरवर्षी प्रदर्शने भरवावीत, शेतातल्या पिकांच्या आणि औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे आणि पदव्या द्याव्यात, असे ते सांगतात. परीक्षा शेतकऱ्याच्या कसबाची, आणि तीही रानात.

झाले ते वेगळेच. पुण्यात औद्योगिक संग्रहालय निघाले, १८९० मध्ये त्याला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले, वस्तू कपाटांत गेल्या. १९६८ पासून घोले रस्त्यावरच्या त्याच संग्रहालयाला महात्मा फुले यांचे नाव आहे.

नुसते मांडून पटत नाही, ही अडचण विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावात आली. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही भीती दुकानात नांगर मांडून जाणारी नव्हती. फाळ खोल शिरतो का, ढेकूळ उलटते का, बैलांना ओढ किती बसते, हरळीच्या मुळ्या वर येतात का, हे तासात उतरून हात घालूनच कळते. आणि जमीन विषारी झाली नाही, हे तर पुढच्या हंगामाचे पीक उभे राहिल्यावरच.

पुण्यात निरंजन देशपांडे यांनी उभे केलेले 'किसान' प्रदर्शन तीस वर्षांहून जुने आहे. डिसेंबरात मोशीला ते भरते, तेव्हा वरवंड-पाटसकडून जीपा भरून माणसे जातात. ठिबक, रोटाव्हेटर, पाचट कुट्टी, उसाची रोपे, सगळे एका दिवसात पाहून होते. ही सोय मोठी आहे, तिला कमी लेखू नये. पूर्वी एवढी माहिती गोळा करायला हंगाम गेला असता. पण रोटाव्हेटर तिथे गालिच्यावर रंग लावून उभा असतो, आणि गालिच्यावर कुठलेही यंत्र चांगलेच दिसते.

स्टॉलच्या भिंती ओलांडण्याचे काम बारामतीने केले. आप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये काढलेल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने दोन वाटा धरल्या. एक पुण्यातली 'भीमथडी जत्रा'. सुनंदा पवारांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. आमच्या जुन्या तालुक्याचे नाव तिने शहरात नेले. बचत गटांच्या बायका तिथे माल नुसता मांडत नाहीत, चुलीवर भाकरी थापून समोर वाढतात. दुसरी वाट 'कृषिक', माळेगावजवळ शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या रानावर जानेवारीत भरणारे प्रदर्शन. तिथे पिके उभी असतात. शेतकरी वाफ्यात शिरतो, कणीस सोलतो, पान उलटून कीड बघतो. जानेवारीत दाखवायचे पीक कित्येक आठवडे आधी पेरावे लागते, पाणी-खुरपणी करावी लागते, बिघडले तर बिघडलेलेच दाखवावे लागते. एलन-कीने ते उभे होत नाही.

फुल्यांच्या सूचनेतला दुसरा भाग, औते हाकण्याची परीक्षा, मला आता हवा आहे. उसाचा खोडवा मोडलेले दोन-चार एकर रान वरवंडच्या परिसरात सहज मिळेल. सारख्या रुंदीच्या पट्ट्या आखाव्यात, चालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढाव्यात, तासाची खोली काठीने आणि डिझेल मापाने मोजावे, निकाल गावातल्या जाणत्या शेतकऱ्यांनी द्यावा. बक्षीस ट्रॅक्टरच्या कंपनीला नको, हाकणाऱ्याला द्यावे.