वऱ्हाडातल्या दवाखान्याचा पैसा : मत, सही आणि कायदा

आजचा विषय कागदावर जरा रुक्ष वाटतो : सार्वजनिक आरोग्यावरच्या खर्चाला कायद्याचं रूप कसं मिळतं? पण तो बुलढाणा जिल्ह्यातून पाहिला की रुक्ष राहत नाही. कारण या जिल्ह्यात कित्येक वर्षं मुळात प्रश्नच असा होता की, नागपुरात झालेला कायदा इथे कायदा धरायचा की नाही?

थोडं मागे जाऊ. १८५३ साली निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. वर्षाला २५ लाख रुपये, आणि कारभार इंग्रजांचा. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. पण सार्वभौमत्व? ते निजामाचंच राहिलं. म्हणजे मेहकरचा किंवा मलकापूरचा शेतकरी कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानात राहतच नव्हता! त्यामुळे नागपूरच्या कौन्सिलने केलेला कायदा त्याला आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलच्या सरकारने वेगळी अधिसूचना काढून तो वऱ्हाडला लावायचा. आणि गंमत बघा, वऱ्हाडात कौन्सिलची निवडणूक व्हायची, माणूस निवडून यायचा, आणि मग सरकार त्याला ‘नियुक्त’ करायचं. कारण परक्या मुलखातला माणूस कौन्सिलात ‘निवडून आलेला’ म्हणून बसवता येत नव्हता.

आता पैशाकडे येऊ. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतात द्विदल राज्यपद्धती आली. दवाखाने, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण ही ‘सोपीव’ खाती झाली, म्हणजे कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. पोलीस, जमीन महसूल आणि अर्थखातं मात्र ‘राखीव’, गव्हर्नरच्या हातात. माझ्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी लबाडी इथे आहे. दवाखाना मंत्र्याचा, तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. लोकांच्या शिव्या मात्र मंत्र्याने खायच्या.

हे सगळं उघडं पडलं ते १९२४ मध्ये. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. असं बहुमत त्या पक्षाला दुसऱ्या कुठल्याही प्रांतात नव्हतं. कौन्सिलातल्या त्यांच्या पुढाऱ्यांमध्ये होते डॉ. बा. शि. मुंजे, पेशाने नेत्रवैद्य. अंदाजपत्रक आलं आणि अनुदानाच्या मागण्या नामंजूर होऊ लागल्या. मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये ठरवला गेला. महिन्याला नाही, वर्षाला! मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि सोपीव खाती गव्हर्नरने स्वतःकडे घेतली.

आता इथे जरा थांबा. राखीव खात्यांचं काय झालं? काहीच बिघडलं नाही. हा खर्च आवश्यक आहे, असं प्रमाणित करून कौन्सिलने नाकारलेला पैसा परत घेण्याचा अधिकार गव्हर्नरला होता. पोलिसांचा पैसा सुरक्षित. सोपीव खात्यांसाठी मात्र कायद्यात एवढीच सोय होती की, अडचणीच्या वेळी खातं चालू राहण्यापुरता खर्च गव्हर्नर करू शकेल. चालू राहण्यापुरता! नवा दवाखाना काढणं, नवी योजना घेणं हे त्यात कुठे बसतं? मुंज्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. ही राज्यपद्धती खोटी आहे, हे त्यांना सिद्ध करायचं होतं आणि त्यांनी ते केलं. पण त्याची किंमत ज्या खात्याने मोजली त्यात आरोग्यखातं होतं, हेही इतिहासात लिहायला हवं. आपल्याकडे हे सहसा लिहिलं जात नाही.

१९३७ नंतर प्रांतात सगळीच खाती मंत्र्यांकडे आली. ती वर्षं मी ओलांडतो. आपल्या विषयाला खरं वळण १९५० साली मिळालं. तोपर्यंत आरोग्याचा पैसा म्हणजे सभागृहाचं मत आणि वरची सही. त्याचा कायदा होत नसे. दरवर्षी ‘विनियोजन विधेयक’ मांडून खर्चाला कायद्याचं रूप द्यायचं, ही पद्धत संविधानाने आणली.

ती चालते कशी? आज आपल्या मागण्या मुंबईला विधानसभेत जातात. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणी करताच येत नाही. सभागृह मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं, कमी करू शकतं. वाढवू शकत नाही. म्हणजे या जिल्ह्याचे सातही आमदार एकत्र उभे राहिले तरी सभागृहात एक रुपया वाढवून घेता येत नाही. त्यांना जे करायचं ते अंदाजपत्रक छापायच्या आधी, मंत्रालयात. मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येतं. त्यात रकमा बदलणारी दुरुस्तीच चालत नाही. विधानपरिषदेकडे ते १४ दिवसांपुरतं जातं, परिषदेच्या शिफारशी मानणं बंधनकारक नाही. राज्यपाल धनविधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकत नाहीत. सही झाली की कायदा.

पण हा कायदा म्हणतो काय? राज्याच्या एकत्रित निधीतून अमुक कामासाठी अमुक रकमेपर्यंत पैसा काढायला परवानगी आहे. ‘पर्यंत’ हा शब्द पकडून ठेवा. काढलाच पाहिजे असं तो म्हणत नाही. कुठल्या तालुक्यात किती, हेही म्हणत नाही.

विदर्भाची जुनी तक्रार इथूनच येते. १९५३ च्या नागपूर कराराने निधी लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचं मान्य केलं होतं. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला. १९८३ मध्ये अनुशेष मोजायला वि. म. दांडेकर समिती नेमावी लागली. तिने राज्याचा अनुशेष काढला सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा. मोजलेल्या क्षेत्रांत आरोग्यही होतं. यातली एकही वर्षं विनियोजन कायद्याशिवाय गेलेली नव्हती. कायदे दरवर्षी झाले, आणि अनुशेषही साचला. १९९४ साली कलम ३७१(२) खाली विकास मंडळं आली, निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर आली. म्हणजे सही पुन्हा राज्यपालांचीच, पण या वेळी कायदा झाल्यानंतरच्या वाटपावर. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र १९६१ च्या कायद्यानुसार जिल्हा परिषद चालवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येतं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. दोघांच्या मागण्या वेगळ्या, अंदाजपत्रकातली पुस्तकं वेगळी. ‘आरोग्याचा निधी वाढला’ अशी बातमी वाचाल तेव्हा आधी विचारा, कुठल्या विभागाच्या मागणीत? नंतर विचारा, कोषागारातून निघाला किती आणि ३१ मार्चला परत गेला किती? पहिल्याचं उत्तर विनियोजन कायद्याच्या अनुसूचीत सापडतं. दुसऱ्यासाठी वर्षभर थांबून ‘कॅग’चा विनियोजन लेखा उघडावा लागतो. मंजूर किती आणि खर्च किती, हे त्यात शेजारी शेजारी छापलेलं असतं.